तराजूला टांगलेली दोन शेतं

चिपळूणच्या स्टँडवर माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवताना हमालाने विचारलं, "बाई, लग्नाची भांडी का?" मी म्हटलं, "काड्या, सुतळी, फुगे, चुंबक, आरशाचे तुकडे आणि इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजा." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पेटी जरा जपूनच ठेवली. वीस वर्षं गणित शिकवल्यावर लोकांनी असं पाहण्याची मला सवय झाली आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. शाळेला सुट्टी मिळाली की मी ही पेटी घेऊन कुठल्या ना कुठल्या गावी जात असे. मुलांनी स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहावं, मोजावं, चुकावं, एवढाच हेतू. त्या वर्षी फेब्रुवारीत रजा काढून निघाले ती जालना जिल्ह्यातल्या शेळके सरांच्या पोस्टकार्डामुळे. पुण्याच्या एका शिबिरात आमची ओळख झाली होती. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या सातवीच्या वर्गात मंगल नावाची एक मुलगी आहे, गणितात अशी मुलगी त्यांनी पाहिली नाही. गावची शाळा सातवीला संपते. पुढे भोकरदनला जावं लागतं आणि वडिलांचा त्याला नकार आहे. "तुम्ही आलात तर वडिलांच्या डोळ्यांदेखत तिला काही करून दाखवता येईल. माझं सांगून झालं आहे," असं शेवटी लिहिलं होतं. मला दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायला एवढं निमित्त पुरतं.

पुणे, औरंगाबाद करत दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्यात उतरले. आपल्याकडे कोकणात गाव लागण्याआधी झाडं लागतात. इथे आधी बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या लागतात. मला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब हवी होती. काड्यांची टोकं तिच्यात खोचली की काड्या एकमेकींना जोडता येतात आणि सांधा हलताही राहतो. स्टँडजवळच्या दुकानात मी दहा मीटर मागितली.

दुकानदार शेठ थांबले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, असं त्यांनीच पुढे सांगितलं. बोलणं मात्र अस्सल इथलं. "दहा मीटर? बाई, सायकली किती हायेत तुमच्या?"

"एकही नाही."

"मंग?"

"पोरांना त्रिकोण-चौकोन करायला."

शेठनी ट्यूब मोजून दिली आणि वर अर्धा मीटर जास्त कापून म्हणाले, "आमच्या टायमाला मास्तर नुसतं छडीनं शिकवायचे. घ्या, जल्दी करा, भोकरदनची गाडी लागून राह्यली."

गाडीत खिडकी मिळाली. काळी जमीन दूरवर सपाट पसरलेली, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड. राजूरचं गणपतीचं देऊळ टेकडीवर दिसलं तेव्हा सगळ्या गाडीने हात जोडले, ड्रायव्हरनेसुद्धा, आणि मी घाबरून समोरचा दांडा धरला. आपल्या कोकणात शेताला आकार असा नसतोच. डोंगर सोडेल तेवढं शेत. इथे चौकोनांवर चौकोन. कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून बांधावर रचलेल्या होत्या आणि वावरं (शेतं) मोकळी पडली होती. गणिताच्या बाईला हा देखावा फार आवडला, हे कबूल करते.

केदारखेड्याला उतरले. शेळके सर लुना घेऊन उभे होते. तिशीतला, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. पुढे आडरस्त्याने चार-पाच किलोमीटर आत गाव. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेटी पुढे, मी मागे, आणि मधे सर, अशी वरात गावात शिरली.

माझी राहायची सोय मंगलच्या घरीच होती; ती सरांनीच विचार करून केली असणार. मंगलचे वडील कचरूभाऊ पन्नाशीचे, पांढरी टोपी, शब्द मोजून वापरणारे. मंगलच्या आईने ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मंगल हसू दाबत पाण्याचा तांब्या घेऊन आली. तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि बोटांना सतत काहीतरी चाळा.

विषय काढायला मी वाट पाहत बसत नाही. "कचरूभाऊ, हिला आठवीला पाठवणार ना?"

"सातवी लई झाली, बाई. रोज बसनं भोकरदन, जायचं-यायचं. पोरीची जात. आणि शिकून काय करणार? तेच वावर, तेच घर."

"हुशार आहे ती."

"आसंल. मला तं घरातलंच दिसून राह्यलं, बाहेरचं न्हाई." ते शांतपणे हात धुवायला उठले. या माणसाशी भांडता येत नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेटी उघडली. व्हरांड्यात सातवीची बावीस मुलं तुराट्यांचे (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) तुकडे करून बसली. तीन काड्या ट्यूबने जोडल्या की त्रिकोण. कसाही दाबा, हलत नाही. चार काड्या जोडल्या की चौकोन, पण बोट लावलं की लगेच कलतो. पोरांना हे फार गमतीचं वाटलं. ती चौकोन दाबून पार चपटा करायची, पुन्हा उभा करायची. मी विचारलं, "काड्या बदलल्या का?"

"न्हाई."

"मग आतली जागा?"

मंगल आपला चौकोन हळूहळू दाबत होती. "कमी होऊन राह्यली, बाई. काड्या तेवढ्याच, पण आतलं कमी." मग म्हणाली, "काकाचं वावर असंच हाये. कललेलं."

मी खूश होऊन सरांकडे पाहिलं. सर खाली पाहत होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "आपण कचरूभाऊंचं आणि त्यांच्या भावाचं, दोन्ही शेतं मोजू. पुठ्ठ्यावर काढू, कापून तराजूला टांगू. वडिलांना बोलावू. यापेक्षा चांगली संधी नाही."

"दुसरं कोणाचं घेतलं तर?" सर म्हणाले. मग त्यांनी वाटणीची हकिगत सांगितली. पाच वर्षांपूर्वी कचरूभाऊ आणि धाकटे सांडूभाऊ वेगळे झाले. इथली रीत अशी की मोठ्याने वाटे पाडायचे आणि आधी उचलायचा मान धाकट्याचा. म्हणजे मोठ्याला लबाडी करून फायदा नाही. कचरूभाऊंनी चार माणसांसमोर दोर टाकला. क्षेत्र काढायची पद्धतही जुनी, आजोबांपासूनची: समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी, आणि त्यांचा गुणाकार. दोन्हीकडे ऐंशी गुंठे आले. सांडूभाऊंनी नाल्याकडचा, ओलाव्याचा तुकडा उचलला. त्याच्या दोन बाजू नाल्याबरोबर तिरक्या गेलेल्या. "भावाभावात आजपर्यंत एक शब्द वाकडा गेला नाही," सर म्हणाले.

"मग भीती कसली?" मी म्हटलं. काटकोन असला तरच ती पद्धत बरोबर येते, शेत कललं की जास्त क्षेत्र दाखवते, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. सरांनाही कळलं असणार. पण मला प्रयोग समोर दिसत होता आणि असा प्रयोग मी हातचा सोडत नाही.

मोजणीला दुपारी सगळा वर्ग निघाला. तेहेतीस फुटांचा दोर केला होता. एक दोर लांब, एक दोर रुंद म्हणजे एक गुंठा. दोन्ही शेतांच्या बाजू सारख्याच निघाल्या: दहा दोर आणि आठ दोर. मंगलने मग आपल्या मनाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवा दोर टाकायला लावला. "चार काड्या हालतात, बाई. पाचवी आडवी टाकली की हालत न्हाईत." हे मी सांगायच्या आधी तिने केलं. त्याच वेळी ढेकळांत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी राहिलेल्या व्हॉल्व्ह ट्यूबने चप्पल पायाला बांधली आणि पोरं हसून लोळली. दोन्ही शेतांच्या मधल्या धुऱ्यावर (बांधावर) सांडूभाऊ उभे होते. मोठ्या भावासारखेच दिसणारे, पण हसरे. त्यांनी मला धरून बाजूला नेलं. "बाई, जपून. वावर मोजता मोजता वावरातच राह्याल तुमी."

संध्याकाळी व्हरांड्यात मंगलने एकाच खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन्ही शेतं काढली. एका दोराला एक इंच. वर इंचाइंचाच्या चौकटी आखल्या; एक चौकट म्हणजे एक गुंठा. वडिलांच्या शेतात ऐंशी चौकटी भरल्या. काकाच्या शेतात कडेच्या अर्ध्यामुर्ध्या जोडून तिने तीनदा मोजल्या.

"बाई, एकोणसत्तरच येऊन राह्यल्या."

"बरोबर आहे मग."

ती थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिली. "उद्या दुसऱ्या कोणाचं वावर तोललं तर चालंल का?"

मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं आणि आठवलं की लाज वाटते. मी म्हणाले, "उत्तर खरं असेल तर घाबरायचं कशाला?" तेरा वर्षांच्या मुलीला, जिला त्या घरात राहायचं होतं. मला दोन दिवसांनी बस धरायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात निंबाच्या फांदीला आडवी काठी टांगली. तिच्या दोन टोकांना सुतळीचे आकडे. गावातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. कचरूभाऊ धुतलेली टोपी घालून आले होते. मुलगी काहीतरी करून दाखवणार आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं. सांडूभाऊ त्यांच्या शेजारी बसले. दोघांत एकच तंबाखूची पिशवी.

मी आधी तराजूचा दांडा सरळ आहे हे दाखवलं. मग मंगलने एका बाजूला वडिलांचं शेत टांगलं, दुसऱ्या बाजूला काकाचं. वडिलांची बाजू खाली गेली.

चौकटी मोजून दाखवल्या असत्या तर कोणी वाद घातला असता. तराजूशी इथे कोणी वाद घालत नाही. सगळं गाव कापूस विकून आलेलं. एक म्हातारे पुढे होऊन दांडा हाताने सरळ करून सोडून बघून आले. पुन्हा तसंच झालं.

"किती?" कचरूभाऊंनी विचारलं.

मंगलकडे कोणी पाहत नव्हतं, ती माझ्याकडे पाहत होती. मीच बोलले. "सांडूभाऊंचं अकरा गुंठे कमी आहे. दोर खोटा नाही, माणसं खोटी नाहीत, पद्धत कलत्या शेताला लागू पडत नाही." आणि बोलायच्या भरात पुढे म्हणाले, "इकडून अकरा गुंठे काढून तिकडे लावले की झाली बरोबरी."

कचरूभाऊ उठले. "बाई, तुमी शाळा शिकवायला आल्त्या का वाटण्या करायला?"

"भाऊ, म्या मागितलं का काही?" सांडूभाऊ म्हणाले. "मीच उचलला ना तो वाटा?"

"तू न्हाई मागितलं. माह्या पोरीनं मागितलं, चार लोकांत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला गप्प बसता आलं असतं. पण मी कात्री घेतली, कचरूभाऊंच्या शेताच्या लांब कडेने अकरा चौकटींची पट्टी कापली आणि काकाच्या शेताच्या आकड्याला अडकवली. दांडा सरळ व्हायच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला तेवढाच खाली गेला.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि सगळ्या अंगणात हसू पसरलं. वीस वर्षं गणित शिकवणारी बाई कात्री हातात धरून उभी होती.

मंगल पुढे आली. तिने पट्टी काढली, लांबीत दुमडून नखाने घडी पक्की केली आणि मधोमध कापली. एक भाग काकाच्या आकड्याला लावला. दुसरा वडिलांच्या शेताला परत लावला. दांडा हलला, थांबला, सरळ राहिला.

"अकरा न्हाई, अण्णा," ती वडिलांना म्हणाली. "साडेपाच. एका जागचं काढलं की तिकडं वाढतं, पण इकडंही कमी होतं. बाईंचं चुकलं. अकरा दिले असते तं आपलं कमी पडलं असतं."

कचरूभाऊ तराजूजवळ गेले. काकाच्या आकड्याची पट्टी काढून त्यांनी हातात घेतली, वितीने मोजल्यासारखी दोनदा उलटीसुलटी केली आणि बंडीच्या खिशात घातली. "घरी चाल," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी जेवणं दिवेलागणीलाच झाली. भांडी आवरताना मंगलची आई माझ्याजवळ येऊन बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आता कशाची आठवी, बाई. अगोदर मला निदान 'बघू' म्हणायचे." आतल्या खोलीत मंगल माझी पेटी भरत होती. तिने चुंबकं वेगळी बांधली, आरशाचे तुकडे कागदात गुंडाळले. मी तिची माफी मागितली. तिला ते अवघडल्यासारखं झालं. "उत्तर बराबर आलं ना, बाई?" तिने विचारलं. आलं, मी म्हटलं.

सकाळी सरांच्या लुनावर बसून निघाले. वाटेत ती दोन शेतं लागली. मधल्या धुऱ्यावर पऱ्हाट्यांची रास होती तशीच होती. केदारखेड्याला बसची वाट पाहताना सरांना म्हटलं, "तुम्ही सांगत होतात दुसऱ्याचं शेत घ्या म्हणून."

"मी जोरात सांगायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "पण खरं सांगू का बाई, मलाही बघायचं होतं." त्यांनी पेटी टपावर चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत ते तिथेच थांबले.

परतीच्या प्रवासात राजूरला पुन्हा सगळ्या गाडीने हात जोडले. या वेळी मीही जोडले, मागायलाही काहीतरी होतं. घरी आल्यावर पेटी माळ्यावर टाकली ती तीन-चार महिने काढली नाही. मुलांनी खरं उत्तर शोधावं असं मी जन्मभर सांगत आले होते. ते उत्तर कोणाच्या घरावर जाऊन पडेल, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं, कारण पुस्तकातल्या शेताला मालक नसतो. आता कुठेही गेले की आधी विचारते, हे कोणाचं? मग मोजायचं की नाही ते त्या माणसाला ठरवू देते. प्रयोग थोडे कमी होतात, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

जुलैत शेळके सरांचं पत्र आलं. मी ते उभ्यानेच फोडलं. महिनाभर कचरूभाऊ शाळेकडे फिरकले नाहीत, सरांशी बोललेही नाहीत. उन्हाळी नांगरटीआधी एक दिवस ते आणि सांडूभाऊ शाळेत आले आणि दोर मागितला. दोराचं एक टोक मंगलने धरलं, एक सांडूभाऊंनी. धुरा अठरा फूट सरकला. सांडूभाऊ शेवटपर्यंत नको नको म्हणत होते. नंतर दोन महिने पुन्हा शांतता. आठवीचं नाव काढायची सरांची हिंमत झाली नाही. मग शाळा सुरू व्हायच्या दिवशी सर शाळेच्या कामासाठी भोकरदनच्या गाडीत बसले तर पुढच्या बाकावर नव्या दप्तरासह मंगल आणि शेजारी कचरूभाऊ. गाडीत गावातल्याच कोणीतरी त्यांना टोकलं, "कामून (का) भाऊ, तुमी तं सातवी लई झाली म्हणत होते?"

त्यावर ते जे म्हणाले ते सरांनी शब्दन् शब्द लिहून पाठवलं होतं: "सातवीच्या पोरीच्या सांगण्यावरून म्या धुरा सरकवला, राजा. ती सातवीतच राह्यली तं लोकं म्हंतील, कचरूनं अडाण्याचं ऐकून वावर दिलं. आता हिला शिकवल्याबिगर मला इलाज न्हाई."